मायच्या पायाशी येणारा वास

पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी देवापुढे वाकलो होतो. उदबत्ती लावली, डोकं टेकवलं, आणि कुठून तरी कुजकट, ओलसर, किंचित गोडूस असा भपकारा नाकात शिरला. डोकं वर केलं तर वास गायब. पुन्हा टेकवलं तर पुन्हा हजर. देवघराखाली उंदीर मेलाय असं मी घरात जाहीर केलं. माझी बायको ज्योत्सना देवघराशी नाक लावून बराच वेळ बसली आणि म्हणाली, उदबत्तीशिवाय इथं कशाचाही वास नाही.

माझ्या नाकाबद्दल इथेच थोडं सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्यावर बरेच आरोप होणार आहेत. आमच्या आंधळगावात दिवाळी आटोपली की धानाची मळणी सुरू होते. दिवसभर मळणीयंत्राची धूळ उडते, तणसाचा बारीक भुसा हवेत तरंगतो, लोकांच्या घरात लक्ष्मी येते आणि माझ्या नाकात शिंका. मी ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. मी शिंकायला लागलो की प्राचार्य समोरच्या माणसाशी बोलायचं थांबतात आणि माझं आटपण्याची वाट पाहतात. असा अपमान दर हिवाळ्यात गिळावा लागतो.

म्हणून मी खिशात पेनाशेजारी नाकात टाकायच्या थेंबांची बाटली ठेवतो. थेंब टाकले की नाक उघडतं, आणि थोड्या वेळाने पहिल्यापेक्षा घट्ट बंद होतं. मग पुन्हा थेंब. शिवाय हेडक्लार्कच्या नाकातून केस डोकावणं बरं दिसत नाही, म्हणून ते मी चिमट्याने नियमित उपटून टाकतो. डाव्या घरचे गोमाजी यांनी नाकात मोहरीचं तेल सोडायला सांगितलं, ते सोडलं. उजव्या घरच्या पंचफुलाबाईंनी ओवा आणि कापराची धुरी घ्यायला सांगितली, तीही घेतली. लोकांनी सांगितलं आणि मी नाकात घातलं नाही, असं फारसं काही उरलं नव्हतं.

तर वास. देवघर हलवलं, काही निघालं नाही. संध्याकाळी चपला शोधायला पलंगाखाली वाकलो, तिथेही वास. पलंग अंगणात आला. दुसऱ्या दिवशी मोरीत बादली उचलायला वाकलो, तिथे तर फारच. मग मिस्त्री बोलावला. त्याने मोरीच्या नव्या टाइल्स फोडल्या, नाली उकरली आणि एक स्टीलचा चमचा काढून माझ्या हातात दिला. ज्योत्सनाने चमचा ओळखला, धुऊन घेतला, आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

ग्रामपंचायतीत गेलो. मेलेलं जनावर उचलण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्जात जनावर कोणतं व कुठे पडलंय ते लिहावं लागतं. मी म्हटलं, तेच तर माहीत नाही. तिथल्या बाबूंनी सहानुभूतीने सांगितलं की मग आधी जनावर शोधा, फोटो जोडा, उचलायला लगेच माणूस पाठवतो. मी स्वतः कारकून असल्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटलं. तरीही बाहेर पडताना पायरीवर पडलेला पेन उचलायला वाकलो आणि वास आला. ग्रामपंचायतीच्या पायरीवर. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मानेवर काटा आला. पण मी स्वतःची समजूत घातली की तो त्यांच्या गटाराचा असेल.

गोमाजी चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले. उभा जन्म जमिनीखाली काढलेला माणूस, त्यामुळे कुठलीही गोष्ट ते जरा खालच्या आवाजात सांगतात. माझी हकीकत ऐकून त्यांनी हातातला सुपारी-तंबाखूचा खर्रा तसाच धरून ठेवला. खाणीत खोल खाली काम चालू असताना एकाला अचानक धुपाचा वास आला होता, असं त्यांनी सांगितलं. बाकी कुणालाच येत नव्हता. तो माणूस काम टाकून वर आला, घरी पोचला, तर दारात मंडप नव्हता पण लोक जमलेले होते. एवढं सांगून गोमाजी खर्रा तोंडात टाकून गप्प झाले. कोण गेलं होतं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पंचफुलाबाई मात्र गप्प होणाऱ्यांतल्या नव्हेत. कुंपणाच्या तारेवर दोन्ही हात ठेवून त्या म्हणाल्या, "खुशालभाऊ, आमच्या सासऱ्याले असाच वास ये. घरात नसते थो वास. माणसात असते. ज्याच्यापाशी गेल्यावर येते, थो माणूस पिकलं पान समजा."

मी शिकलेला माणूस आहे. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मग घरात जाऊन शास्त्रीय पद्धतीने एकेकाजवळ उभा राहून पाहू लागलो. ज्योत्सना ओट्याशी उभी होती, तिच्या मागे जाऊन श्वास घेतला. काही नाही. तिने वळून पाहिलं आणि काय हवंय ते विचारलं, मी पाणी मागितलं. गोमाजी खुर्चीत बसले होते, त्यांच्याशेजारी उभा राहिलो. काही नाही. दूधवाल्याजवळ, पोस्टमनजवळ, प्राचार्यांजवळ, कुणाजवळही काही नाही.

मग सकाळी ऑफिसला निघताना मायच्या पाया पडलो.

माझी माय, बेबीबाई, ओसरीत एका बुटक्या खाटेवर बसते. नोकरी लागल्यापासून मी तिच्या पाया पडल्याशिवाय घराबाहेर पडलेलो नाही. खाट इतकी बुटकी की पाया पडायला पार कमरेतून वाकावं लागतं. गेल्या काही दिवसांत तिथे आलेला वास मी मोरीच्या खात्यावर टाकला होता. मी वाकलो, कपाळ तिच्या पावलांना लागलं, आणि तो वास इतक्या जोरात आला की डोळ्यांत पाणी आलं. माय नेहमीसारखी डोक्यावर हात फिरवत म्हणाली, "जा बापा, सांभाळून जा." मी तसाच वाकून राहिलो.

त्या दिवशी ऑफिसात मी तीन पत्रं चुकीच्या ठिकाणी पाठवली. दुपारी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून घरी आलो, मायला औषधाची गोळी दिली, चादर सारखी केली, तिचं चष्म्याचं घर खाली पडलं होतं ते उचललं. प्रत्येक वेळी वास. तिच्यापासून दूर जाऊन सरळ उभा राहिलो की नाही. पाहिजे तेवढ्या वेळा करून पाहिलं. शंकेला जागाच राहिली नाही. माय मजेत होती, तिने मला लसणाची चटणी कमी तिखट झाल्याबद्दल सुनेकडे निरोप द्यायला सांगितलं. चटणीवर बोलणाऱ्या माणसाकडे पाहत मी तिच्या मरणाचा विचार करत होतो, आणि मला रडूही येत नव्हतं, कारण नाक बंद असलेल्या माणसाला रडायचं म्हणजे गुदमरायचं काम असतं.

मी ज्योत्सनाला सांगितलं. तिने डॉक्टरकडे चला म्हटलं. मी म्हटलं, माय तर ठणठणीत आहे, तिला डॉक्टर काय पाहणार. ती म्हणाली, मायला नव्हे, तुम्हाला. मला हे फार लागलं. मग मी नागपूरला राहणाऱ्या धाकट्या भावाला, प्रविणला, फोन करून एवढंच म्हटलं की मंडईला या वर्षी ये, मायला भेटून जा, पुढचं कुणी पाहिलंय. हे मी पंचफुलाबाईंच्या कुंपणाजवळ उभं राहून बोललो, ही माझी चूक.

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. एकेक गाव आपापला दिवस धरतं, त्या दिवशी घरोघरी पाव्हणे येतात, दिवसा ढोलकीवर नाचगाण्याची दंडार होते, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात सोयरिकी जुळतात. आमच्या गावची मंडई आली तेव्हा ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. दरवर्षी पाव्हणे येतात, मायच्या पाया पडतात आणि चहाला बसतात. या वर्षी ते पाया पडायला वाकत आणि वाकलेलेच राहत. सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही. मग पाहिलं, माझ्या मावसभावाची छाती फुगली होती. तो हळूच श्वास ओढत होता. त्याच्यामागची बाई पदर नाकाजवळ नेऊन, पुन्हा दूर करून, हुंगत होती. तिच्यामागे आणखी रांग होती. बाहेर दंडारीची ढोलकी वाजत होती, आणि आत माझ्या घरात माणसामागून माणूस माझ्या मायच्या पायाशी वाकून तिला हुंगत होता.

अंगणात आल्यावर ते कुजबुजत. काहीजण म्हणाले, नाही बुवा. पण मावसभाऊ म्हणाला की किंचित येते, आणि मग पुढच्या सगळ्यांनाच किंचित यायला लागला. एकाला तर तो फाटकापासूनच आला. मला समाधान वाटावं की भीती, ते कळेना. एवढे दिवस मी एकटाच होतो, आता साक्षीदार मिळाले होते.

चष्म्यातून का होईना, मायची नजर अजून चांगली आहे. शेवटचा पाव्हणा उठल्यावर तिने मला हाक मारली. प्रविणही तिथेच होता.

"काहून रे खुशाल, हे सारे मले काहून सुंगून राहिले?"

मी काहीतरी पुटपुटलो. मायने प्रविणकडे पाहिलं. प्रविण लहानपणापासून तिच्यापुढे खोटं बोलू शकत नाही. पाव्हण्यांकडून अंगणात ऐकलेलं सगळं त्याने सांगितलं, पंचफुलाबाईंच्या सासऱ्यासकट. माय ऐकत राहिली. मला वाटलं ती हसेल, शिव्या देईल. तिने आपले पाय खाटेवर ओढून घेतले आणि त्यांच्यावर चादर टाकली.

"पंचफुलाचा सासरा खरा माणूस होता," ती म्हणाली. "त्याले समजे."

रात्री तिने जेवायला नको म्हटलं. सकाळी अर्धा कप चहा घेतला. नंतर तोही सोडला. तिने पेटी उघडायला लावली, लुगडी सुनांत वाटली, डाव्या हातातली पाटली ज्योत्सनाला आणि उजव्या हातातली प्रविणच्या बायकोला ठेवली. कुणावर रागावली नाही, की रडली नाही. भांडी कशी ठेवायची, वाल कधी पेरायचे ते सांगत गेली. आवाज बारीक होत गेला. डॉक्टर घरी आणला, त्याने बीपी तपासलं आणि म्हातारीला काही झालेलं नाही, फक्त खाऊ घाला म्हणाला. खाऊ कोण घालणार? चमचा तोंडाजवळ नेला की ती ओठ मिटून घेई, आणि माझ्याकडे अशी बघे की जणू गाडी लागलीय आणि मी उगाच तिला थांबवतोय. प्रविणने मला मागच्या अंगणात नेऊन विचारलं की तू हे काय करून ठेवलंस. गोमाजी ओसरीत येऊन बसत, तिच्याकडे बघत, आणि जाताना मला हळूच सांगत की तिनं ठरवलंय बाबू, ठरवलेल्या माणसाला कुणी थांबवत नाही.

पायांवर सूज दिसायला लागली त्या सकाळी मायने मला जवळ बोलावून सांगितलं, "कारध्याच्या घाटावरून वैनगंगेचं पाणी आणून ठेव. वक्तावर धावपळ नको."

ज्योत्सना आणि मी स्कूटरवर निघालो. भंडारा ओलांडून नदीवरच्या पुलावरून कारध्याला उतरलो. घाटावर कुणी नव्हतं. पाणी संथ होतं, वर धुकं होतं, पलीकडचा किनारा दिसत नव्हता. मी बाटली घेऊन शेवटच्या पायरीवर बसलो, पाण्याकडे वाकलो, आणि तो वास आला.

इथे माय नव्हती. घर, मोरी, ग्रामपंचायत, काही नव्हतं. थंड स्वच्छ पाणी होतं आणि त्या पाण्यात माझाच चेहरा होता. मी बाटली धरून तसाच राहिलो. म्हणजे मायचा नव्हता तो. मायजवळ जाणाऱ्या माणसाचा होता. आपण इतके दिवस चुकीच्या माणसाची तयारी करत होतो, हे मला त्या पायरीवर स्वच्छ दिसलं. पाण्यातला चेहरा माझ्याकडे बघत होता आणि मला तो जुन्या फोटोतला वाटायला लागला.

"ज्योत्सना," मी म्हटलं, "मीच आहे तो."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग मला उभं राहायला सांगितलं आणि वास येतो का विचारलं. नाही. वाका. येतो. उभे राहा. नाही. डावीकडे मान करा. थोडा. उजवीकडे. खूप. नदीकाठी मी असा कितीतरी वेळ वाकत आणि उठत होतो. जाळं घेऊन आलेले दोघे धीवर हा नदीचा कुठला नवा नवस आहे ते बघत उभे राहिले. शेवटी ज्योत्सना म्हणाली, "मरणाला कंबर नसते हो. ते तुमी उभे राहिल्यानं जात नाही. चला भंडाऱ्याला."

कान-नाक-घशाच्या डॉक्टर दामिनी वयाने लहान होत्या. त्यांनी माझ्या नाकात उजेड घातला, दुर्बीण घातली, फोटो काढला आणि तो काचेवर लावला. माझीच कवटी माझ्याकडे बघत होती. दोन्ही गालांत पोकळ्या असतात. डावी काळी होती, रिकामी. उजवी पांढरी भरलेली होती.

त्या समजावून सांगत होत्या आणि मी खाली बघत होतो. नाकाच्या दारात केस असतात, ते मोठा कचरा अडवतात. आत चिकट ओलाव्याचा थर असतो, बारीक धूळ त्याला चिकटते, आणि त्याखालचे डोळ्यांना न दिसणारे केस दिवसरात्र झाडू मारून तो थर घशाकडे ढकलत असतात. ॲलर्जीच्या माणसाची आतली कातडी सुजते, गालातल्या पोकळीचं दार बंद होतं, आणि झाडलेला कचरा आतच साचून नासतो. वाकलं की ते हलतं आणि वास येतो. त्यात मी दारातले केस उपटले होते, झाडूवाल्यांना तेल आणि धुरीने निजवलं होतं, आणि थेंब टाकून टाकून सूज कायमची करून ठेवली होती.

"मेलेलं जनावर सापडलं म्हणा ना," ज्योत्सना म्हणाली. डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी गोळ्या दिल्या, फवारा दिला, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवायला शिकवलं, आणि थेंबांची बाटली माझ्या खिशातून स्वतः काढून घेतली. वास जाईल, पण चांगले वास परत यायला वेळ लागेल, कदाचित काही महिने, असंही त्यांनी सांगितलं. तेव्हा मला त्याची पर्वा नव्हती.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. फोटो दाखवला. कवटी बघून तिने मान वळवली.

"डॉक्टरनं तुले पाहिलं," ती म्हणाली. "मले कुठी पाहिलं? साऱ्या पाव्हण्याले आला न वास."

प्रविणने पाव्हण्यांना फोन लावून दिले. ते फोनवर म्हणाले की नव्हता आला, उगाच म्हटलं. मायने ऐकलं आणि डोळे मिटले. मरणाऱ्याला लोक असंच बोलतात, हे तिला माहीत होतं. आयुष्यभर तीही तसंच बोलत आली होती. दोन दिवस मी नाक धूत राहिलो आणि तिचा श्वास मोजत राहिलो. औषधाने काम केलं, वाकलो तरी आता वास येत नव्हता. पण खाटेवरचं माणूस रोज थोडं लहान होत होतं, आणि ते माझ्या नाकामुळे होत होतं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले. ओसरीत ऊन आलं होतं.

"खुशाल, तुव्हं नाक बरं झालं म्हणते न ज्योत्सना? मंग आता सुंग मले. सांग."

सगळे थांबले. ज्योत्सना दारात, प्रविण भिंतीशी. मी कमरेतून वाकलो, कपाळ तिच्या पावलांना लावलं आणि श्वास ओढला. काही नाही. चांगला नाही, वाईट नाही, काहीच नाही. नाक मोकळं होतं आणि रिकामं होतं. समोर आपली माय आहे की खाटेचं लाकूड, हे नाकाला कळत नव्हतं. "काही येत नाही" म्हटलं असतं तर तिने ते सांत्वन समजून पुन्हा डोळे मिटले असते.

मी तसाच वाकून बोलायला लागलो. "येते न माय. तुह्या पायाले एरंडीच्या तेलाचा वास येते. लुगड्याले चुलीचा धूर हाय. हाताले ओल्या धानाचा येते, वावरातल्या बांधीतून आल्यावर ये तसा. अन् केसाले करंजीचं तेल. मेलेलं काईच नाई माय. एवढेच वास हायेत."

मग तिचा हात माझ्या डोक्यावर आला.

"चूल कवाची मोडली आपली," ती म्हणाली. "सैंपाक गॅसवर होते. बांधीत गेल्याले मले जमाना झाला. एरंडी मी तुह्या बापाच्या पायाले लावत होती, माह्या नाई." ती थांबली. श्वास घेतला. "तुले काईच वास येऊन नाई राहिला न?"

मी नाही म्हणून मान हलवली. सकाळी आत घातलेलं मिठाचं पाणी होतं, डोळ्यांतलं होतं, ते सगळं एकदम नाकातून तिच्या पावलांवर गळायला लागलं. एका हेडक्लार्कला ते शोभणारं नव्हतं. माय कोपरावर रेलून उठली, पदराचं टोक घेतलं आणि लहानपणी पुसायची तसं दाबून, वरून खाली, माझं नाक पुसलं.

"शाळेत जाईस्तोवर हे असंच वाहे," ती प्रविणला म्हणाली. "समोर भात करपला तरी याले कधी समजलं नाई. अन् असल्या शेंबड्याच्या नाकावर भरवसा ठेवून मी मराले निघाली होती."

मग तिने ज्योत्सनाला भात टाकायला सांगितलं. भात कुठला होता, त्याला वास होता की नव्हता, ते मला सांगता येणार नाही. माय दोनदा घेऊन जेवली, आणि चटणी पुन्हा कमी तिखट झाली म्हणाली.